बिग हारुन, लिटल हारुन

अमिरातीतल्या खोर फक्कानच्या बंदरात क्रेन दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये दोन हारुन होते. हारुन परकार थोरला. रत्नागिरीकडचा, बुटका, पन्नाशी गाठलेला. हारुन चौगुले त्याच्या बायकोच्या बहिणीचा मुलगा, उंचापुरा, तिशीतला. परकारनेच त्याला गावाहून बोलावून इथे चिकटवलं होतं आणि पहिली दोन वर्षं स्वतःच्या घरात ठेवलं होतं.

चौगुले रुजू झाला त्या दिवशी मॅनेजर कीथने विचारलं, रेडिओवर 'हारुन' अशी हाक मारली तर ओ कोणी द्यायची? प्रश्न वाजवी होता. सगळी टोळी एकाच चॅनेलवर बोलते. भलत्याने ओ दिली तर क्रेनवरचा माणूस जिवाला मुकू शकतो. कीथ इंग्लंडचा, वागायला गोड. सीनियर आणि ज्युनियर म्हणू या, असं त्याने सुचवलंही. पण नव्या माणसाला पहिल्या दिवशी पुढे करायचं, आपण एक पायरी खाली उतरायचं, ही परकारच्या घरची रीत. भाच्याच्या खांद्यावर हात ठेवायला त्याला टाचा उंचवाव्या लागल्या. तो म्हणाला, "सर, हा बिग हारुन. मी लिटल."

कीथला ते फार आवडलं. दुसऱ्या दिवशी दोघांच्या हेल्मेटवर तशी नावं चिकटवलेली होती.

परकारने घरी बायकोला, मैमुनाबीला, समजावून सांगितलं की यात कमीपणा नाही. कीथ स्मॉल म्हणतो ते नटबोल्टला. लार्ज म्हणतो ते कॉफीच्या कपाला. जहाज बिग, बॉस बिग, चूकही बिग. लिटल मात्र तो लाडाच्या गोष्टींना लावतो: त्याची मुलगी, त्याचं इंग्लंडमधलं गाव, त्याची होडी. आता त्यात परकारही आला होता.

त्यांची मुलगी अरफा तेव्हा शाळेत होती. घरातही ती इंग्रजीतच उत्तर द्यायची. फोनवरची नजर न काढता ती म्हणाली, "ही आस्क्स यू फॉर अ लिटल फेव्हर, अँड युअर डे ऑफ इज गॉन. देन यू गेट अ बिग थँक यू. लिटल इज व्हॉट दे टेक, अब्बा. बिग इज व्हॉट दे से."

मैमुनाबीने विचारलं, काय म्हणाली? परकार म्हणाला, तिला भूक लागलीय.

चार वर्षं अशीच गेली. मग जुना फोरमन घरी जाणार असं ठरलं. कंपनीच्या नियमाप्रमाणे टेक्निशियन पंचावन्नला निवृत्त होतो, फोरमन साठाव्या वर्षापर्यंत राहतो. अरफा आता शारजाच्या युनिव्हर्सिटीत दुसऱ्या वर्षाला होती; परकारला ती जागा मिळाली तर तिचं शिक्षण पुरं होणार होतं. नाही मिळाली तर फेब्रुवारीत पंचावन्न भरताच पगार बंद, व्हिसा बंद, तिघं गावी. घरात दुसरा विषय उरला नव्हता.

परकार चौगुलेकडे गेला आणि अर्ज करू नकोस म्हणाला. चौगुलेने मावशीच्या नवऱ्याचा हात हातात घेतला. "खालू, तुम्ही असताना मी कसा?" आठवड्याने त्याचा अर्ज गेला. कीथने फारच आग्रह केला, नाही म्हणवेना, असं त्याने सांगितलं. परकारने ते मान्य केलं. कीथला नाही म्हणणं किती अवघड, हे त्याला माहीत होतं.

दोघांना एकेक आठवडा फोरमनचं काम करून दाखवायचं होतं. परकारचा आठवडा आधी आला. सुरुवातीचे दिवस सुरळीत गेले. बुधवारी दुपारी समुद्रावरून वारा वाढला. वारा ठरलेल्या वेगापुढे गेला की क्रेनच्या दांड्यावर कोणी थांबायचं नाही. परकारने रेडिओवर टोळीला खाली यायला सांगितलं. वरून मोहिद्दीनने उत्तर दिलं. तो केरळचा, स्वभावाने वाईट नव्हे. बाळाच्या आवाजात तो म्हणाला, "ओक्के, लिटल बॉस."

चॅनेलवर हसू फुटलं. लाँच चालवणारेही हसले. गेटवरचा माणूस हसला. परकारने हुकूम पुन्हा दिला. आता आवाज चढला होता आणि चढलेला आवाज बारीक झाला होता. कुणीतरी तोही काढून दाखवला. वर कोणी हललं नाही. दोन बोल्ट राहिलेत, मोहिद्दीन म्हणाला, बाबू, फक्त दोन.

चौगुले खाली परकारच्या शेजारीच उभा होता. तो हसत नव्हता, एवढं खरं. थोडं थांबून त्याने रेडिओ तोंडाशी नेला आणि जाड आवाजात म्हणाला, "यल्ला, नीचे आओ. खलास." माणसं उतरू लागली.

"मी मदत केली, खालू," तो नंतर म्हणाला.

चौगुलेचाही आठवडा झाल्यावर कीथने परकारला ऑफिसात बसवलं, स्वतः कॉफी आणून दिली. तो खरोखर दुःखी दिसत होता. काम परकारला सगळ्यात चांगलं येतं, असं तो म्हणाला. पण फोरमनचं नाव हाक मारताना वजनदार वाटावं लागतं. "यू नो व्हॉट दे कॉल यू," तो म्हणाला. नाव तुम्हीच घेतलं होतंत, असंही त्याने हळुवारपणे जोडलं. आता ते बदलता येईल का, असं परकारने विचारलं. कीथने त्याच्या खांद्यावर थोपटलं. नावं अशी बदलत नाहीत, लोक घोटाळ्यात पडतील, सेफ्टीचा प्रश्न आहे.

चौगुले फोरमन झाला. एक वाट अजून होती. फोरमनने मागणी केली तर टेक्निशियनला एकेक वर्ष वाढवून मिळे. परकार स्वतः मागायला गेला नाही. मैमुनाबी गेली. ज्या पोराला तिने दोन वर्षं आपल्या हातचं जेवू घातलं होतं, त्याच्या सोफ्यावर ती कडेला बसली. त्याची बायको सुमैय्या चहा घेऊन आली. मैमुनाबीने दोन वर्षं मागितली.

चौगुलेला बोलताना त्रास होत होता. "खाला, माझ्या हाताखाली खालूंना कसं ठेवू? रोज त्यांना हुकूम द्यायचा, सगळ्यांसमोर? त्यांचा मान काय राहील?"

"त्यांना मान नकोय," मैमुनाबी म्हणाली. "वर्षं हवीत."

"मला हवाय ना त्यांचा मान," चौगुले म्हणाला. सुमैय्याने आणखी चहा विचारला.

जानेवारीत अरफाने आईला सांगून टाकलं की ती स्वतः कीथला भेटणार. परकारने नको म्हटलं, पण दाराशी जाऊन तिच्यासाठी टॅक्सी थांबवली. त्या दिवशी तो कामावर गेला नाही. दोघं नवराबायको टीव्हीचा आवाज बंद करून समोर बसली. तिचं इंग्रजी कीथच्याच तोडीचं आहे, असं परकार दोनदा म्हणाला.

ती दुपारी परत आली, बूट काढले, पाणी प्यायली. कीथ खूप चांगला वागला. दारातच म्हणाला, सो यू आर लिटल हारुन्स लिटल गर्ल. अर्धा तास बोलत होता. गेट ऑफिसात माणूस हवाय, फोनवर चांगलं इंग्रजी बोलणारा. महिना साडेचार हजार दिरहम, म्हणजे लाख रुपयांच्या वर. व्हिसा कंपनीचा. एक तारखेपासून.

"आणि कॉलेज?" मैमुनाबीने विचारलं.

"लेटर."

परकारने विचारलं, "माझ्या मुदतवाढीचं काय म्हणाला?"

अरफा ग्लास विसळत होती. या वेळी ती मराठीत बोलली, सावकाश, जसं ती आजोळच्या माणसांशी बोलायची.

"तुमचा विषय निघाला नाही, अब्बा. मी काढला नाही. काढला असता तर हेही गेलं असतं. हारुनभाईंनी आधीच सांगितलं होतं, काढू नकोस."

"त्याच्याशी कधी बोललीस?"

"नोकरीचं त्यांनीच सुचवलं. मागच्या महिन्यात."

मैमुनाबीने विचारलं की मुलगी एकटी राहणार कुठे. अरफा म्हणाली, सुमैय्याभाभीने मागची खोली रिकामी करून ठेवलीय. पडदेही लावलेत.

परकारने विचारलं, त्या खोलीचा एसी नीट चालतो का. चालत नाही, अरफा म्हणाली. उद्या सकाळी जाऊन बघतो, तो म्हणाला, आणि हत्यारांची पेटी आणायला उठला.