गाळलेल्या रेघा

तिने वडिलांच्या डाव्या चपलेचा तळ सुरीने अलगद उचकटला आणि आतली नाण्याएवढी काळी चकती चिमट्यात धरली.

“जपून काढ,” आई दारातून म्हणाली. “फार जीव होता त्यांचा तिच्यावर.”

चकती तिनेच बनवलेली. पिवळ्या फिल्मवर लेझर फिरवला की ती जळून काजळीहून बारीक कार्बनचा थर उरतो. त्यावर दुसरा पापुद्रा टेकला, सुटला की घर्षणाने इवलीशी वीज निघते. सेल लागत नाही. वडिलांचा तोल जाऊ लागला तेव्हा तिने पहिली चकती त्यांच्याच चपलेत बसवली. पाऊल पडलं की लॅबमधल्या तिच्या संगणकावर रेघ उसळायची. जन्मभर शिवणयंत्र चालवलेले वडील तेव्हा म्हणाले होते, “माझ्यासारखीच आहे की. घासल्याशिवाय हिलाही काही मिळत नाही.”

“जीव कसला? टोचते म्हणून कुरकुरायचे.”

“तुझ्यासमोर. रोज साडेसातला जेवण झालं की चप्पल मांडीवर घेऊन बसायचे आणि अंगठ्याने दाबायचे. तीनदा. कामाच्या वेळी फोन करू नका म्हणालीस ना तू. मग म्हणाले, ही आहे की.”

तिच्या हातातला चिमटा थांबला.

“तीनदा कशासाठी?”

“एक, जेवलो. दोन, गोळी घेतली. तीन, तू कधी येतेस.” आई किंचित हसली. “मी म्हणायचे, तिला काय कळणार? तर म्हणायचे, पोरीनेच बनवलंय, तिला नाही कळणार तर कुणाला?”

साडेसातची ती तीन टोकं तिला तोंडपाठ होती. चालण्याच्या रेघांत न बसणारी, उंच, आगंतुक. थरात दोष असेल म्हणून तिने लेझरची शक्ती कमी केली, तीन वेळा नवी चकती बनवून बसवली. तरी टोकं येतच राहिली. शेवटी तिने प्रोग्राममध्ये एक ओळ लिहिली आणि ती टोकं गाळून टाकली. त्या आठवड्यात फोनवर वडिलांनी विचारलं होतं, “संध्याकाळचं नीट दिसतं ना गं?”

“हो बाबा, आता अगदी स्वच्छ दिसतं,” ती म्हणाली होती. वडिलांना केवढा आनंद झाला होता. एवढ्याशा गोष्टीचा एवढा कसला आनंद, म्हणून ती हसलीही होती.

तिने लॅपटॉप उघडला. गाळण्याआधीच्या मूळ नोंदी तिथे होत्या, एकदाही न उघडलेल्या. तिने ती ओळ पुसली. साडेसात, तीन टोकं. दुसऱ्या दिवशी तीन. दोनशे चौदा संध्याकाळी, तापाच्या दिवसांतसुद्धा, तीनच.

मग शेवटची संध्याकाळ. खुर्चीत बसल्या बसल्या वडील गेले, तेव्हा चप्पल त्यांच्या मांडीवर होती. म्हाताऱ्या माणसाचा विसरभोळेपणा म्हणून तिने त्याचा विचार केला नव्हता.

एक टोक. दुसरं, जरा बुटकं. त्यापुढे सपाट रेघ. ती सरकवत राहिली, रेघ सपाटच राहिली.

आई पदराला हात पुसत जवळ आली. “त्या दिवशीचं आलं होतं का गं तुझ्याकडे?”

“आलं होतं.”

“तिन्ही?”

तिने लॅपटॉप हलकेच मिटला.

“तिन्ही,” ती म्हणाली.