न दिलेली कळ

"आली रं आली!" बाबांनी स्वतःचा उजवा गुडघा दोन्ही हातांनी आवळला आणि ते पाटावरून खाली लोळले. "पोराची कळ आली माज्या अंगात! सोड, सोड त्याला!"

मांडवात दोनशे माणूस असेल. चैत्रातली दुपार, पाताळगंगेवरचा वारासुद्धा तापलेला, पण कोणी जागचं हललं नाही. माझा नवशा समोर उभा होता. सकाळी चौघांनी त्याला खाटेवर घालून आणला होता. आता त्याने उजवा पाय टेकवला, जरा दाबून बघितला, दोन पावलं चालला आणि हसला.

"आये, नाय दुखत गं."

मी तिथेच लोटांगण घातलं. माझ्या डोळ्यांसमोर घडलं होतं, खोटं कशाला म्हणू?

नवशा आमचा एकुलता एक, नवसाचा. कर्जतपासून दीड कोसावर आमचं गाव, घरची भातशेती. नवशा कबड्डीत चढाई करायचा. अठ्ठ्याहत्तर सालच्या हनुमान जयंतीच्या सामन्यात तिघांनी मिळून त्याचा पाय धरला आणि गुडघा आतल्या आत करकचला. कर्जतच्या डॉक्टरांनी सांगितलं, प्लॅस्टर घाला, पुढे सहा महिने मैदान नाही. आणि त्याच वर्षी रसायनीचा एक कारखाना आपला संघ उभा करत होता. दसऱ्याला निवड. निवडला जाईल त्याला कायमची नोकरी.

कबड्डी मंडळाचा कप्तान सदू घरी आला. म्हणाला, "काकी, खालापुराकडं एक बाबा हाय. मानसाची कळ आपल्या अंगावर वढून घेतो. आपली चार पोरं जातात तिकडं."

माझा सोमवार, माझी चतुर्थी, एकादशी, रोजची पोथी. देवाधर्माचं नाव काढल्यावर मी मागे राहणार होते थोडीच!

बाबांची रीत ठरलेली. आधी अंगाऱ्याची एक पुडी पाण्यातून प्यायला द्यायची. मग आरत्या, एकामागून एक, चांगला पाऊण तास. कोणी घाई केली तर बाबा डोळे वटारत. "कळ हाय ती, भाजीची जुडी नाय खसकन उपटायला. मुळासकट यायला येळ लागतो!" आरत्या संपल्या की बाबा दुखरी जागा धरून लोळत आणि आजारी उठून चालत. एकदा कोणीतरी भाबडेपणाने विचारलं, "बाबा, अंगारा सरला तर?"

"मंग चुलीतली राख आण, येड्या! राखंत काय हाय? सगळं या हातात हाय!" बाबांनी हात वर केला. चार अंगठ्या चमकल्या आणि मांडवाने जयजयकार केला.

पुड्या आठवड्याच्या मिळत. गुरुवार ते बुधवार, रोज एक. नवशाला एक आणि मलाही एक, कारण बाबांचं म्हणणं, "पोराची कळ जाताना आईच्या अंगावर सांडते." आणि एक ताकीद: एक दिवस जरी चुकला तरी बाबा कळ परत पाठवणार, दुप्पट करून.

आमचे मालक, कोंडीराम, देवळाच्या पायरीपर्यंतच धार्मिक. ते म्हणाले, "इतक्या मानसांच्या कळा घेतो, मंग त्याचं पोट कसं गं सुटलंय? कळंनं मानूस वाळतो."

"वाईट बोलू नका," मी म्हटलं.

वैशाखात नवशा धावायला लागला. ज्येष्ठात दोरीवरच्या उड्या. गुडघा सुजून नारळाएवढा झाला, पण दुखत नाही म्हणाला. चिडका झाला, जेवण कमी झालं, डोळ्यांतली बाहुली मोहरीएवढी दिसायची. मलासुद्धा पोथी वाचताना ग्लानी यायची. पोट चार-चार दिवस साफ होत नव्हतं. ग्लानीला मी समाधी समजले आणि पोटाचा दोष उपासाला दिला.

लावणीच्या दिवसांत छप्पर गळून दोन दिवसांच्या पुड्या भिजल्या. दुसऱ्या दिवशी नवशा जमिनीवर लोळायला लागला. नाक वाहतंय, अंगावर काटा, पोटात मुरडा, पायांत गोळे. "आये, बाबानं परत धाडली गं! दुप्पट धाडली!" मी भर पावसात खालापुरापर्यंत गेले, बाबांचे पाय धरले, पुड्या आणल्या आणि माझ्या हातांनी त्याला पाजल्या. अर्ध्या तासात तो शांत. त्या दिवशी कोणी मला बाबांबद्दल शंका बोलून दाखवली असती, तर मी त्याला दारात उभा केला नसता.

मग आषाढी एकादशी आली. सून म्हणून या घरात आल्यापासून माझा एक नेम आहे. चातुर्मासात परान्न वर्ज्य. जे माझ्या चुलीवर शिजलं नाही ते तोंडात घालायचं नाही. लग्नाचा लाडू नाही, शेजारणीचा चहासुद्धा नाही. आता अंगारा परान्न की नाही, यावर मी दोन दिवस विचार केला. अखेर ठरवलं, दुसऱ्याच्या घरून येतं आणि पोटात जातं, मग ते परान्नच. नेमाला सूट दिली की नेम उरत नाही. बाबांच्या तसबिरीला हात जोडले, माझी पुडी बाजूला ठेवली. नवशाची चालूच होती.

दुसऱ्या दिवशी जांभया सुरू झाल्या. संध्याकाळी नाक वाहायला लागलं. तिसऱ्या दिवशी पायांत गोळे, पोटात मुरडा आणि अंगावर असा शहारा की वाकळ पांघरूनही दात वाजत होते. अगदी नवशासारखं.

मालक म्हणाले, "झालं? तुला पन पकडली बाबानं."

मी तुळशीपाशी भिंतीला टेकून बसले होते. मनात एकच गोष्ट घोळत राहिली. नवशाने आपली कळ बाबांना दिली होती, ती परत आली म्हणता येईल. पण माझं तर काहीच दुखत नव्हतं. मी बाबांना कसलीच कळ दिली नव्हती. मग जी दिलीच नाही, ती परत कुठून आली?

आणि देव रागावला म्हणावं, तर मी देवाच्याच नेमाखातर थांबले होते.

आमच्या गावच्या बौद्धवाडीतली मैना मुंबईच्या एका इस्पितळात नर्स होती. सुट्टीला आली होती. मी भिंत धरत तिच्या दारात गेले. तिने माझे डोळे पाहिले, नाडी धरली आणि सगळं ऐकून घेतलं. उरलेली पुडी पेल्यातल्या पाण्यात टाकली. राख हळूहळू तळाला बसली. वरचं निवळ पाणी तिने बोटाने जिभेला लावलं आणि थुंकली.

"काकी, राख कडू असते का गं?"

"नाय. खारट लागते."

"मग हे कडू काय?" ती माझ्याजवळ बसली. "ऑपरेशन झालेल्यांना वेदनेवर जहाल गोळ्या देतो आम्ही. मोजून, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, थोडेच दिवस. महिनोन्महिने दिल्या तर शरीर त्यांना सोकावतं. मग बंद केल्या की नेमकं हेच होतं, जे तुला होतंय. तुझं दोन-तीन दिवसांत उतरेल. नवशाला मात्र एकदम तोडू नकोस, डॉक्टरांकडे नेऊ."

नवशाला सांगितलं. त्याने ताट भिरकावलं. "तुमाला माजी नोकरी बघवत नाय!"

गुरुवारी मी मांडवात गेले. मैना बरोबर होती. बुधवारी पुड्या सरत, म्हणून गुरुवारी सगळी पोरं तळमळतच येत. नवशा पुढे बसला होता, नाक पुसत, गुडघा हलवत. मी पदराखालून तांब्याची वाटी काढली आणि हात जोडले.

"बाबा, ही माझ्या चुलीतली राख. तुमीच म्हनला होता ना, राखंत काय नाय, सगळं हातात हाय. माझा नेम चालू हाय. आज सगळ्यांना माझ्या चुलीची राख द्या. हात तुमचाच ठेवा."

बाबांचा हात अंगठ्यांसकट थांबला. "सिद्ध केलेला अंगारा येगळा असतो, बाय."

मागून एक म्हातारा ओरडला, "घ्या ना बाबा! विठाबाय नेमाची बाई हाय. आन तुमीच बोलला व्हतात!" मांडवाने माना डोलावल्या. माझ्या मनात कपट आहे असं कोणाला वाटलं नाही. ते नव्हतंही.

बाबांनी राख वाटली. आरत्या झाल्या, त्या दिवशी तासभर. मग बाबा लोळले. "आली रं आली! नवशा, ऊठ! गेली तुजी कळ!"

नवशा उठला नाही. त्याच्या कपाळावर घामाचे थेंब होते. एक आजीबाई म्हणाल्या, "मला वाईच बरं वाटतंय." बाकी पोरं पोट धरून कण्हत होती.

"नाय गेली, बाबा."

"भाव नाय तुजा! हात ठेवतो—"

"हात ऱ्हाऊ द्या तुमचा!" नवशा किंचाळला. "पुडी द्या! माजी पुडी द्या, खरी! मला हात नको, पुडी पायजे!"

माझ्या पोराच्या तोंडून सगळं बाहेर पडलं होतं आणि त्याला ते कळलंही नव्हतं. सदू उठला. पुड्या जिथून यायच्या त्या कनातीमागे गेला आणि हातात दगडी खल घेऊन आला. खलात अर्धवट कुटलेल्या पांढऱ्या गोळ्या, मागे रिकाम्या डब्यांची चळत. मैनाने डब्यावरचं नाव वाचलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. हा माणूस पूर्वी कुठल्याशा दवाखान्यात औषधं वाटायला होता, हे नंतर पोलिसांकडून कळलं. पाऊण तासाच्या आरत्या गोळी पोटात विरघळायला लागत. तो लोळायचा ते घड्याळ बघून.

बाबाचं बिंग फुटलं, तरी माझ्या मनाला समाधान नाही. नवशाला डॉक्टरांनी हळूहळू गोळ्या कमी करत सोडवलं. दीड महिना तो मला शिव्या देत होता. गुडघ्याची शीर तीन महिने धावून पुरती तुटली होती. दुखणं म्हणजे शरीराने मारलेली हाक, आणि ती हाक आम्ही रोज सकाळी पाणी पाजून बंद केली होती. दसऱ्याची निवड दुसऱ्या पोरांची झाली. नवशा आता लंगडतो. त्याच्या मंडळातला गजा अजून खोपोलीला जाऊन कुठल्याशा दुकानातून तशाच गोळ्या आणतो. तिथे बाबा नाही, अंगारा नाही, चिठ्ठीही कोणी मागत नाही.

आणि आभाळ भरून आलं की नवशा कधीकधी हळूच म्हणतो, "आये, एकच गोळी असती तर गं." मी नुसतं तेल चोळत बसते.

माझा देव माझ्या देव्हाऱ्यात आहे, सोमवारही चालू आहे. पण देव कोणाची कळ पुडीत बांधून देत नाही, आणि चुकलं म्हणून दुप्पट परत धाडत नाही. ज्याच्या घरी पोर दुखऱ्या पायाने एकाएकी उड्या मारायला लागेल, त्याने हात जोडण्याआधी एवढंच विचारावं: याच्या पोटात काय गेलं? देणारा बाबा असो, दुकानदार असो की डॉक्टर.

मी तीन महिने विचारलं नाही. आता तो माझा रोजचा नेम आहे, आणि त्याला चातुर्मास लागत नाही.