कन्येच्या आठवणीनुसार

चहावर साय धरली होती, आणि ती बाजूला सारायला कुणाचाच हात पुढे होत नव्हता.

काहीतरी बोलावं, असं प्राध्यापकांना वाटत होतं. पण बोलूनच तर हे सगळं झालं होतं. समोरच्या खुर्चीत मेट्रनबाई ताठ बसल्या होत्या. इस्पितळातून निवृत्त होऊन इतकी वर्षं लोटली, तरी त्यांच्या पाठीचा कणा अजून ड्यूटीवर होता. त्यांची नजर टेबलावर उघड्या पडलेल्या जाड खंडावर खिळली होती. जुन्या साप्ताहिकाचे अंक एकत्र बांधून केलेला तो खंड. त्याच्या पिवळ्या पानावर त्यांचे वडील एका परक्या शहराच्या व्यासपीठावर हात उंचावून उभे होते, आणि त्याच पानाच्या डाव्या रकान्यात, त्याच तारखेखाली, इथल्या नदीवर नवा पूल खुला झाल्याची बातमी होती.

दोन रकान्यांच्या मधोमध एक बारीक काळी रेघ होती. त्या रेघेवर आपण एका बाईचं बालपण चिरलं, हे प्राध्यापकांच्या ध्यानात आलं तेव्हा फार उशीर झाला होता.

मेट्रनबाईंचे वडील मोठे राजकीय विचारवंत. राज्यसंस्था आणि नागरिक यांच्या नात्यावर त्यांनी लिहिलेली पुस्तकं आजही अभ्यासाला असतात. प्राध्यापकांनी उभी हयात इतिहास शिकवण्यात घालवली आणि निवृत्तीनंतरची सगळी वर्षं या एका माणसाच्या चरित्रात ओतली. त्या चरित्राच्या निमित्तानेच दर गुरुवारी दुपारी मेट्रनबाई तीन जिने चढून यायच्या. प्राध्यापकांना काही ना काही विचारायचं असे. वडील चष्मा कधीपासून वापरत होते? झोपताना खिडकी उघडी ठेवायचे की बंद? रागावले की आवाज चढायचा की बसायचा? त्या आठवून, तोलून, मोजकी उत्तरं द्यायच्या. मग चहा व्हायचा. मग त्या आपला कप स्वतः विसळून पालथा घालायच्या. “पेशंटच्या घरी मागे खुणा ठेवू नयेत,” असं म्हणून जिना उतरायच्या.

त्या पालथ्या कपाखाली आठवडाभराचा एकांत झाकलेला राहायचा. प्राध्यापकांची पत्नी गेल्यापासून या घरात आवाज करणाऱ्या वस्तू फार कमी उरल्या होत्या. पाण्याचा नळ, लिफ्ट नसलेल्या इमारतीतला शेजाऱ्यांचा खोकला, आणि कपाटातल्या पुस्तकांचं ते विशिष्ट मौन, ज्यात हजारो माणसं एकाच वेळी न बोलता उभी असतात. दूरदेशी असलेला मुलगा फोनवर विचारायचा, “बाबा, बरे आहात ना?” आणि उत्तर येण्याआधीच म्हणायचा, “छान.”

चरित्र लिहून केव्हाच संपलं होतं, ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. प्रकाशनसंस्थेची संपादिका दर महिन्याला तगादा लावायची, “सर, आता तुमचा नायकसुद्धा कंटाळला असेल हो!” आणि हे म्हणायचे, “अजून दोन-चार बारीक गोष्टी पडताळायच्या आहेत.” खरं तर पडताळायला काही उरलंच नव्हतं. ते बुधवारी रात्री बसून प्रश्न शोधायचे, भुकेला माणूस डब्यांचे तळ खरवडतो तसे.

आज मात्र प्रश्न विचारण्याआधीच मेट्रनबाई आपणहून बोलल्या होत्या. पहिल्यांदाच. पायऱ्यांनी लागलेला दम जरा ओसरल्यावर त्या म्हणाल्या होत्या, “सर, तुम्ही मला चष्मा विचारलात, खिडकी विचारलीत. एक गोष्ट कधी विचारली नाहीत.”

“कोणती?”

“त्यांनी मला कधी जवळ घेतलं का, ही.”

आणि त्यांनी सांगितलं होतं. त्या पाच वर्षांच्या असतील. नवा पूल खुला व्हायचा होता. ही गर्दी! बाबांनी त्यांना खांद्यावर बसवलं होतं. खाली माणसांच्या डोक्यांची नदी, तिच्यापलीकडे खरी नदी. बाबांनी कागदाचं भिरभिरं घेऊन दिलं होतं. वारा इतका, की ते थांबेचना. “बाबा घरात म्हणजे बंद दार, सर. दाराखालून येणारा दिव्याचा उजेड, तेवढेच ते. पण तो एक दिवस माझा आहे. लिहा हवं तर. नाही लिहिलंत तरी चालेल. मला फक्त कुणाला तरी सांगायचं होतं.”

यावर जगातला कुठलाही माणूस काय म्हणाला असता? ‘वा’ म्हणाला असता. नुसता मान हलवून गप्प बसला असता. प्राध्यापकांचे डोळे मात्र चमकले. बायको म्हणायची, “आपल्या संसारात मजकूर कमी आणि तळटिपाच जास्त.” सुंभ जळला तरी पीळ कुठला जायला?

“पुलाचा दिवस?” ते म्हणाले. “छे, छे, ताई. त्या दिवशी तर त्यांचं ते गाजलेलं भाषण झालं. थांबा, दाखवतोच.” आणि या वयाला न शोभणाऱ्या चपळाईने उठून त्यांनी तो खंड काढला, अचूक पान उघडलं आणि बोट ठेवलं. एखाद्या मुलाने शिक्षकांना गृहपाठ दाखवावा, तसा त्यांचा चेहरा फुलला होता.

मग चहावर ती साय धरली.

शेवटी मेट्रनबाईच बोलल्या. “भाषण संध्याकाळी होतं ना?”

“हो.”

“पूल सकाळी. म्हणजे सकाळी मला नेऊन मग गेले असतील.”

इथे तरी गप्प बसायचं! पण जिभेला हाड असतं तर माणसाने इतिहास कशाला लिहिला असता? “त्या काळी तिकडे एकच गाडी जायची,” प्राध्यापक म्हणाले. “आदल्या रात्रीची.” म्हणाले, आणि आपल्याच आवाजाने दचकले.

“मला शाईचा वास आठवतो.” मेट्रनबाईंचा आवाज आता रुग्णाची नाडी मोजताना असावा तसा सपाट झाला होता. “मी खांद्यावर होते. वाकून त्यांच्या केसांत तोंड खुपसलं होतं. केसांना, कॉलरला, सगळ्याला शाईचा वास. लिहिणारा माणूस तो. दुसरा कोण असणार?”

या वेळी प्राध्यापकांनी ओठ घट्ट मिटले. पण त्या त्यांच्याकडेच बघत होत्या. उभं आयुष्य डॉक्टरांच्या चेहऱ्यांवरून रिपोर्ट वाचलेली बाई ती.

“बोला. अर्धं कापून ठेवू नका. जखम चिघळते.”

“ते पेन्सिलीने लिहायचे,” प्राध्यापक हलकेच म्हणाले. “शाईने हात भरतात म्हणून आयुष्यभर पेन्सिल. तुम्हीच सांगितलं होतंत मला.”

“मीच सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या. “खरंच की.”

खाली रस्त्यावरून कुणीतरी लोखंडी पट्ट्या ओढत नेत होतं. तो आवाज खिडकीतून आत आला, खोलीत फिरला आणि निघून गेला. मेट्रनबाईंनी खंड स्वतःकडे ओढला, वडिलांच्या चित्रावर तळहात ठेवला आणि तो चेहरा झाकून पुलाच्या बातमीतल्या चित्राकडे पाहिलं. जणू त्या धुरकट गर्दीत कुणी सापडणार होतं.

“खिळेकाका,” त्या एकदम म्हणाल्या.

“कोण?”

“आम्ही वर राहायचो, खाली छापखाना. बाबांचं साप्ताहिक तिथेच छापायचे. एक कंपोझिटर होते. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत दिवसभर उभे असायचे, म्हणून मी त्यांना खिळेकाका म्हणायचे. मोडके खिळे मला खेळायला द्यायचे. यंत्राच्या आवाजाने त्यांना एका कानाने ऐकू यायचं नाही. मला नेहमी उजव्या खांद्यावर...” त्या थांबल्या. उजवा हात नकळत वर गेला आणि हवेत कुणाच्या तरी डोक्यावर टेकावा तसा टेकला. “उजव्या खांद्यावर घ्यायचे. त्या बाजूचा कान शाबूत होता. मी त्या कानात ओरडायचे.”

प्राध्यापक पेन शोधू लागले. सवयीने. मग ते स्वतःच्या हाताकडे बघत राहिले आणि त्यांनी तो मांडीखाली दाबून धरला.

“आणि मला सांगितलं कुणी, की ते बाबा होते?” मेट्रनबाई हसल्या. ते हसू ऐकणाऱ्याला सोसवणारं नव्हतं. “आईने. किती दिवस विचारायची, ‘बाबांनी खांद्यावर घेतलं होतं ना गं तुला? भिरभिरं घेऊन दिलं होतं ना?’ मी म्हणायचे, हो. आधी तिला बरं वाटावं म्हणून म्हणत असेन. मग मलाच दिसायला लागलं.” त्यांनी खंड मिटला. “डोस देत होती, सर. थोडा थोडा, नेमाने. आणि लागू पडला की! साठ-पासष्ट वर्षं पुरला. मी आयुष्यभर वॉर्डात तेच केलं. मरणाऱ्याला सांगितलं, मुलगा गाडीत बसलाय, पोचतोच आहे. खोटं बोलायला मी कधी कचरले नाही. फक्त मी स्वतः पेशंट आहे, हे मला माहीत नव्हतं.”

“ताई, मी...” प्राध्यापक पुढे झुकले. “हे सगळं सावरता येईल. मी ते पुस्तकात घालतो. तुम्ही सांगितलंत तसंच, बाबा आणि पूल आणि भिरभिरं. मी लिहीन, ‘कन्येच्या आठवणीनुसार...’”

“नको हो.” त्यांनी हात वर केला. “तुमची चार पुस्तकं वाचलीत मी. कुणाला कळू न देता, चष्मा लावून, हळूहळू, पण वाचलीत. तुम्ही ‘आठवणीनुसार’ कधी लिहिता ते मला ठाऊक आहे. खोटं आहे, पण सांगणाऱ्याचं वय झालंय, जाऊ द्या. असंच ना?”

शब्दांची एवढी कोठारं भरलेल्या खोलीत प्राध्यापकांना एक लहानसा, उबदार खोटा शब्द सापडेना.

“मग खिळेकाकांविषयी लिहितो.”

“काय लिहाल? काय माहीत आहे तुम्हाला त्यांच्याबद्दल?”

“काहीच नाही,” ते म्हणाले. आणि हे त्यांनी त्या दुपारी उच्चारलेलं पहिलं असं खरं वाक्य होतं, ज्याने कुणाला जखम झाली नाही.

मेट्रनबाई उठल्या. पिशवी खांद्याला अडकवली. भिंतीलगतच्या कपाटांवरून त्यांची नजर फिरली आणि टेबलाच्या कडेला, दोरीने बांधून ठेवलेल्या हस्तलिखितावर येऊन थांबली. वरच्या पानावर धुळीचा पातळ थर होता. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. वॉर्डातल्या खाटांवरून फिरवत असाव्यात, तसं. बोटाकडे पाहिलं.

“पुस्तक संपलंय ना?”

प्राध्यापक दोरीच्या गाठीकडे बघू लागले.

“केव्हाच संपलंय. मागच्या महिन्यात तुम्ही मला विचारलंत, वडिलांना मांजर आवडायचं का. मी घरी जाऊन हसले होते. म्हटलं, इतिहासाचा एवढा मोठा पंडित, आणि याला मांजराचं काय पडलंय! आणि तरी पुढच्या गुरुवारी आले. का आले, विचारा.”

ते विचारणार होते. पण हा प्रश्न आता त्यांचा राहिला नव्हता; तो मेट्रनबाईंनीच विचारून टाकला होता. आजवर त्यांनी इतके प्रश्न केले, आणि प्रत्येकाच्या मागे एकच प्रश्न काठी टेकत उभा होता. तो त्यांनी कधी पुढे येऊ दिला नव्हता. प्रश्नाला संदर्भ लागतो, आधार लागतो. नुसता, उघडा, निराधार प्रश्न कसा विचारायचा, हे त्यांना कुठल्याच ग्रंथाने शिकवलं नव्हतं.

त्या दारापर्यंत गेल्या. चपला सरकवल्या. टेबलावर त्यांचा कप सायीसकट तसाच भरलेला होता. तो त्यांनी विसळला नाही, पालथा घातला नाही. त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

“ताई,” प्राध्यापक म्हणाले. ते खुर्चीचा हात धरून उभे राहिले होते. “पुढच्या गुरुवारी मला काही विचारायचं नाही. एकसुद्धा नाही. वडिलांविषयी नाही, पुलाविषयी नाही.” त्यांनी खुर्चीचा हात सोडला. “तरी याल?”

मेट्रनबाई उंबऱ्यावर पाठमोऱ्या थांबल्या. त्यांचा उजवा हात चौकटीवर होता, खांद्याच्या उंचीला. बोटं थोडी वाकलेली, काहीतरी धरल्यासारखी.

मग हात खाली आला. त्या जिना उतरू लागल्या. दर वळणावर त्यांच्या पावलांचा आवाज एकेक मजला लहान होत गेला. प्राध्यापक दारात उभे राहून तो ऐकत होते, एक कान पुढे करून, दुसऱ्याने मुळीच ऐकू येत नसल्यासारखे.