वेळमहाराजांची घटका

दुकान उघडण्याआधीच रांग जिन्यापर्यंत पोचलेली असायची. विमानाचं तिकीट नेमकं कोणत्या घटकेला स्वस्त होतं, हे म्हणे आतल्या वेळमहाराजांना कळत असे. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर भाडं झळकायचं. महाराज सगळ्यांना डोळे मिटायला सांगत, काहीतरी पुटपुटत, आणि डोळे उघडावेत तो भाडं खाली आलेलं!

"आकाशमार्गाची नाडी माझ्या बोटांत आहे," ते सांगत. "कंपनी झोपली, की मी जागा होतो."

कंपनीचं ठाऊक नाही, पण रांगेतल्यांची अक्कल मात्र गाढ झोपली होती. माझी पंचाईत अशी, की त्या रांगेत माझी थोरली बहीण होती.

ताई कपडे शिवते. तिच्या लेकीचं पहिलं बाळंतपण दूरच्या शहरात. लेकीच्या घरात दुसरं बाईमाणूस नाही, म्हणून ताईला जायचं होतं. महाराजांनी दोन मंगळवार दक्षिणेचं पाकीट घेतलं आणि तिला परत पाठवलं. "घटका आली नाही, माई." इकडे भाडं रोज चढत होतं.

"अगं, आजच काढून टाक तिकीट," मी म्हटलं.

"तू शाळेत गणित शिकव. सगळ्यांसमोर भाडं उतरतं, ते काय खोटं?"

तिसऱ्या मंगळवारी मीही सोबत गेले. आमच्या पुढे एक प्लंबर होता. पडद्यावर माणशी अठरा हजार आले. "मिटा डोळे!" सगळ्यांनी मिटले. मी नाही मिटले. महाराजांचं पुटपुटणं चालू होतं आणि एक बोट हळूच कळफलकावर सरकत होतं.

"चौदा हजार!" दुकानभर टाळ्या.

मी उभी राहिले. "महाराज, हे दादा एकटेच जाणार आहेत. मग आधी वर कोपऱ्यात 'प्रवासी नऊ' का होतं? आता तिथं एक आहे."

"शंकेनं घटका बिघडते, बाई."

"मग घटकेवाचून करून बघू." मी माझा फोन प्लंबरच्या हातात दिला. त्यानं नऊ प्रवासी टाकले, अठरा हजार आले. एक टाकला, चौदा.

"आयला!" तो म्हणाला.

मी सगळ्यांना सांगितलं, "विमानातल्या सगळ्या जागा एका दराच्या नसतात. स्वस्तातल्या थोड्या असतात, त्या संपल्या की पुढचा दर. स्वस्तातल्या तीनच उरल्या आणि तुम्ही नऊ मागितल्या, तर नऊच्या नऊ जणांना महाग दर दिसतो. एकच मागा, स्वस्त दिसतो. एवढीच यांची नाडी."

ताईचा चेहरा उतरला होता. "मग माझं का नाही उतरलं?"

"तुझ्या विमानात पहिल्या दिवशी स्वस्त जागा भरपूर होत्या. नऊ मागा की एक, दर तोच. पुढच्या मंगळवारी चढलेल्या दरातही तसंच. जादू चालेना, म्हणून तुला थांबवलं."

"म्हणजे पहिल्या दिवशीचं भाडंच..."

"तेच सगळ्यात कमी होतं, ताई."

तिथेच उभ्या उभ्या आम्ही तिकीट काढलं. जवळच्या तारखा भरल्या होत्या. मिळालं ते आठ दिवसांनंतरचं, जवळपास दुप्पट भाड्याचं. बाळ मात्र ताई पोचायच्या दोन दिवस आधीच आलं. लेक दवाखान्यात एकटी होती.

आता माप घेता घेता ताई गिऱ्हाइकांना बजावते, "जायचं ठरलं की लवकर बघा. तारीख दोन-तीन दिवस पुढे-मागे करून बघा. परवडलं की काढून मोकळे व्हा. मुहूर्त कोणालाच कळत नाही. आणि कोणी चमत्कार दाखवला, तर म्हणा, सरका जरा, आता मी करून बघते."