शेवटचं कुलूप

२००८ साली भिवंडीजवळ राहनाळला घरच्या गोदामाच्या माडीवर बसून प्रितेश जगभरच्या कॉम्प्युटरांची मेमरी वाचवत होता आणि खाली त्याचे वडील केसरीनाथ, पोरगा दिवसभर करतो काय, हे पाहुण्यांना सांगायचं टाळत होते.

काम तसं सरळ होतं. नेटवर्कवरून माहितीचं चिमूटभर पॅकेट आलं, तरी लिनक्सचा कर्नेल, म्हणजे त्या प्रणालीचा गाभा, त्याला मेमरीचं अख्खं पान देई. काम झालं की पान जमा, पुढच्याला पुन्हा नवं. प्रितेशनं एका पानाचे तुकडे पाडून चार-चार पॅकेटं बसवली आणि पान जमा न करता तेच पुन्हा वापरलं. वेग वाढला. फक्त अधूनमधून एकाच्या पत्रात दुसऱ्याचा मजकूर निघे. त्यानं पाठवलेला कोड तपासणाऱ्या जर्मन गृहस्थांनी अत्यंत सभ्यपणे कळवलं, की सोमवारपर्यंत चूक सापडली नाही तर हे काम बाद. केसरीनाथांनी तेवढी सभ्यता न दाखवता कळवलं, की बाद झालं तर मंगळवारपासून गोदामात बसायचं.

रविवारी केसरीनाथ कोन गावी हळदीला गेले, म्हणून प्रितेश खाली बसला. चार नंबरच्या गाळ्यात दोघांचा माल होता. साखळीत त्या दोघांची आणि मालकाचं, म्हणजे केसरीनाथांचं, अशी तीन कुलपं एकमेकांत अडकवलेली. कुणीही आपलं उघडलं की दार उघडतं. दुपारी त्या दोघांतल्या बाळारामनं आपले बोजे आणि कुलूप उचललं, "झालं आपलं" म्हणाला. प्रितेशनं गाळा रिकामा धरला. कोपऱ्यात ताडपत्रीखाली काहीतरी होतं, ते भंगार समजून त्यावर त्यानं ट्रकभर सूत रचून घेतलं.

संध्याकाळी गाळ्यातला दुसरा, लडकू मंडपवाला आला. दुसऱ्या दिवशीच्या लग्नातली नवरदेवाची खुर्ची सुताखाली चेपली होती. लडकूनं प्रितेशच्या शिक्षणाविषयी चार शब्द काढले. तेवढ्यात कानाला हळद लागलेले केसरीनाथ पोचले. त्यांनी साखळी हातात घेतली.

"एक गेला म्हंजे गाला मोकला झाला का रं? कुलपं मोजाची. आपलं एकलंच उरलं, तं गाला आपला."

प्रितेश साखळीकडे बघतच राहिला. मग भांडण तसंच टाकून माडीवर पळाला. पहिलं पॅकेट उठलं, की तो अख्खं पान मोकळं धरत होता! त्यानं पानावर मोजणी बसवली: जितके तुकडे वापरात, तितकी कुलपं, आपलं एकच उरलं तरच पान पुन्हा घ्यायचं.

सोमवारी जर्मन गृहस्थांनी काम स्वीकारल्याचं कळवलं. प्रितेशनं चहा पिता पिता ही बातमी दिली.

"बरं झालं," केसरीनाथ बशीत फुंकर घालत म्हणाले. "नसतं झालं तरी तुला खाली बसवनार न्हवतो. ती खुर्ची बघून आलोय मी."