चिमूटभर टाकणखार

गौरवीनं जाळ्याच्या टोकाशी साचलेलं गढूळ पाणी बाटल्यांत उतरवलं, वरून फॉर्मेलिन ओतलं आणि झाकणं घट्ट पिळली. होडी शापोरा नदीच्या मुखाबाहेर, उघड्या समुद्रात डुलत होती. सुकाणू धरून बसलेल्या चोपड्याच्या जयरामकाकांनी भुवया उंचावल्या.

"बाय, आज सोनाराचो खार घालूक नाय?"

"ह्या बाटल्यांक नको."

"आणि ती बारकी? तिका घातलंस मगे?"

"ती माझी."

काकांनी होडीचं तोंड किनाऱ्याकडे वळवलं.

सोनाराचा खार म्हणजे टाकणखार. गौरवीच्या वडिलांचं डिचोलीच्या बाजारात सोनारकामाचं दुकान होतं, तिथल्याच डबीतून ती चिमूट चिमूट आणायची. नमुने टिकवायला घालतात ते फॉर्मेलिन मुळात आंबट. खार नसला तर काही आठवड्यांत ते बाटलीतल्या फोरॅमिनिफेरांची कवचं खाऊन टाकतं. पाण्यात तरंगणारे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे हे जीव. अंगावर चुन्याचं कवच. समुद्राचं पाणी आंबट होऊ लागलं तरी हीच कवचं पातळ होतात, आणि सर्वेशला नेमकं तेच सिद्ध करायचं होतं.

सर्वेश प्रयोगशाळेत तिचा वरिष्ठ. आधीच्या हंगामांतले सगळे नमुने तिनं आणले, कवचं वेचली, मोजली, चित्रं काढली. शोधनिबंध मात्र त्याच्या एकट्याच्या नावानं छापून आला. शेवटी एक ओळ होती: होडीवाले श्री. जयराम व कु. गौरवी यांच्या सहकार्याबद्दल आभार. काकांवर तिचा राग नव्हता. काकांना निदान होडी चालवता येत होती. सर्वेशला होडीत पाय ठेवताच उलटी व्हायची.

तेव्हापासून ती ओळ तिच्या घशात काट्यासारखी अडकून बसली होती. आता तो पातळ कवचं बघून हुरळून जाईल, आपल्या कायम नेमणुकीच्या बैठकीत मिरवेल, आणि ती उठून खार घातलेली, जाड कवचांची आपली बारकी बाटली पुढे ठेवेल. समुद्र धड आहे साहेब, आंबट झाली ती तुमची बाटली. ह्या वाक्याची ती पेज ढवळतानासुद्धा तालीम करायची.

त्या फेरीच्या आधी दुकानात वडिलांनी डबी उघडून पाहिली होती.

"खार उरलो कसो गो? ह्या वेळार कमी न्हेलंस?"

"एक डाग बसवायचो आसा, बाबा."

ते हसले. सोनाराच्या भाषेत डाग म्हणजे सोन्याच्या दोन तुकड्यांमधला सांधा. "खाराशिवाय डाग बसना गो."

"माझो बसता."

काही आठवड्यांनी सर्वेशनं तिला सूक्ष्मदर्शकापाशी हाक मारली. त्याचा चेहरा उजळला होता.

"बघ, बघ! चाळण झालीय कवचांची. समुद्र किती बदलला!"

"हो ना," ती म्हणाली आणि त्याच्यासाठी चहा सांगून आली.

बाटलीत लिटमसचा एक कागद बुडवून बघावा, हे काही त्याला सुचलं नाही. बाटल्या भरणं हे आभाराच्या ओळीतल्या माणसांचं काम.

बैठकीच्या आदल्या दुपारी तिनं आपली बाटली उघडली. लिटमसचा कागद निळाच राहिला. खारानं आपलं काम चोख केलं होतं. ओल्या कुंचल्यानं तिनं कवचं काळ्या तबकात मांडली आणि डोळा भिंगाला लावला.

तीही पातळच होती. सर्वेशच्या कवचांइतकी चाळण नव्हती, पण कडा खाल्लेल्या, भिंती विरत आलेल्या. तिनं बाटलीतून कवचांची दुसरी खेप घेतली, मग तिसरी. जुन्या हंगामातली जाडजूड कवचं शेजारी ठेवून पाहिली.

आधी तिला संताप आला, त्या कवचांचाच. तिचं पाठ केलेलं वाक्य त्यांनी वाया घालवलं होतं. संताप ओसरला तशी भीती वाटली. उद्या तिनं सर्वेशच्या बाटल्यांना आंबट ठरवलं, तर ह्या पाण्याबद्दल पुन्हा कोणी बोललं तरी लोक हसतील. आणि पाणी तर खरंच बिघडत होतं.

बैठकीत सर्वेशनं पडद्यावर एकामागून एक चित्रं दाखवली. अध्यक्षपदी बसलेल्या मनीषा मॅडमनी चष्मा वर सरकवला.

"फॉर्मेलिनमध्ये टाकणखार होता ना?"

सर्वेश मोकळेपणानं हसला. "सगळ्या बाटल्या आमच्या गौरवीनं भरल्यात. विचारा तिलाच."

चारचौघांत तिचं नाव त्यानं घेतलं ते पहिल्यांदाच. गौरवी उठली. 'होता' म्हटलं असतं तर नेमणूक त्याची होती. 'नव्हता' एवढंच म्हटलं असतं तर तो संपला असता. ह्या दुसऱ्या शब्दासाठी तिनं किती दिवस काढले होते.

तिनं पिशवीतून बारकी बाटली काढून टेबलावर ठेवली.

"त्या बाटल्यांत मी खार घातला नव्हता. मुद्दाम. ह्यात घातलाय. कवचं ह्यातलीही विरलेलीच आहेत, मॅडम. समुद्र खरंच बदललाय."

"मुद्दाम?" सर्वेशचा आवाज चिरकला. "आणि मला पत्ता नाही?"

"तुम्ही एकदाही तपासलं नाहीत."

मनीषा मॅडमनी बाटली उजेडात धरून पाहिली आणि आपल्या समोर ठेवून घेतली.

"हे नमुने मी स्वतः तपासते. सर्वेश, तुमचा विषय आज थांबवू या. आणि गौरवी, उद्यापासून प्रयोगशाळेत येऊ नका. पुढचं कळवू."

संध्याकाळी ती थेट दुकानात गेली. वडील कोणाच्या तरी तुटलेल्या साखळीवर वाकले होते. खार भुरभुरून त्यांनी फुंकणीनं ज्योत फिरवली, साखळी पाण्यात बुडवली आणि तिच्यापुढे धरली. हल्ली त्यांना बारीक दिसत नव्हतं.

"बघ गो जरा. बसलो काय डाग?"

गौरवीनं साखळी हातात घेतली. सांधा उजेडात उलटसुलट फिरवून पाहिला.

"बसलो, बाबा," ती म्हणाली. "दोनूय बाजूंनी."