हयातीपुरते अक्रोड

मी एक जुनी कार्बन प्रत आहे. माझा थोरला भाऊ, म्हणजे सहीचे अस्सल मृत्युपत्र, इंडियानातल्या एका जिल्हा कोर्टाच्या लोखंडी कपाटात मानाने बसला आहे. माझी अडतीस वर्षे बिस्किटांच्या डब्यात गेली. पण मित्रांनो, संसार पाहिला तो मी. भावाने नुसती धूळ पाहिली.

माझा जन्म प्रुएट वकिलांच्या टंकयंत्रावर झाला. समोर एसा व्हिटकॉम नावाचा शेतकरी टोपी मांडीवर घेऊन बसला होता. त्याची दुसरी बायको थर्झा आणि पहिलीची मुलगी आर्डिथ, दोघींचे विळ्याभोपळ्याचे सख्य.

"जमीन कुणाला द्यायची?" वकिलांनी विचारले.

"थर्झाला. तिच्यामागे आर्डिथच्या लेकरांना."

"आर्डिथला लेकरं कुठायत?"

"होतील की! आणि नाही झाली तर काय, ते तुम्ही बघा. वकील कशाला केलाय मी?"

वकिलांनी तीनदा खोडून एकच वाक्य लिहिले. त्या वाक्याचा मला आजही अभिमान वाटतो. जमीन थर्झाची, पण हयातीपुरती. त्यानंतर आर्डिथच्या मुलांची. मुले नसतील तर आर्डिथची. एका वाक्यात त्यांनी जिवंत बाईला आसरा दिला आणि न जन्मलेल्या जिवासाठी पाट मांडून ठेवला.

एसा गेला. दफनानंतर आर्डिथ खिडकीतून ओढ्याकडे बघत म्हणाली, "काळे अक्रोड सहा आहेत, थर्झाबाई. मी मोजून ठेवलेत. तुमच्या हाताचा भरवसा नाही मला."

"केक खाऊन जा, आर्डिथ," थर्झाबाई एवढेच म्हणाल्या.

आर्डिथ केक न खाताच गेली. पुढे ती नवऱ्यासोबत ओहायोत राहायला गेली, तिला लुएला नावाची मुलगी झाली, पण शेतात तिने पुन्हा पाऊल टाकले नाही. त्या पाटावर बसणारीला मात्र आता नाव मिळाले होते.

लुएला चार वर्षांची असताना वादळाने कोठाराचे छप्पर उडवले. आठवडाभरात एक लाकूडव्यापारी दारात हजर.

"बाई, सहा अक्रोड द्या, अख्खं छप्पर नवं घालून देतो. कर तुम्ही भरता, राबता तुम्ही. मग झाडं कुणाची?"

"मलाही तेच वाटतंय," म्हणत थर्झाबाईंनी लेखणी उचलली. मग थबकल्या. "थांबा. एसाचा कागद दाखवून येते."

मला घेऊन त्या थेट प्रुएट वकिलांकडे गेल्या. वकिलांनी मला डोळ्यांजवळ धरले.

"सावली तुमची, फळं तुमची. खोड लुएलाचं."

"अहो, तिला अजून नाक पुसता येत नाही!"

"तरी तिचंच. छपराला लाकूड हवं तर वाळलेला ओक पाडा, कोठाराला लागेल तेवढा. विकायला मात्र काही तोडायचं नाही."

"आणि विकलंच समजा? कळणार कुणाला?"

"या कागदाला," वकील हसून म्हणाले.

त्या दिवशी थर्झाबाई घरी येऊन रडल्या. मला त्यांचा राग आला नाही. उघड्या कोठारात गवत भिजत असताना कुणालाही रडू येईल. पण सकाळी डोळे पुसून त्यांनी शेजाऱ्यांना हाक मारली, वाळका ओक पाडला, आणि व्यापारी हात हलवत परत गेला. अशी माणसे कागदाच्या नशिबी क्वचितच येतात.

पुढची वर्षे मी बिस्किटांच्या डब्यात, थर्झाबाईंच्या सुट्या बटणांखाली पडून होते. वर्षातून एकदा, हिवाळ्याच्या तोंडावर, त्या मला काढून वाचत. बोटे अक्रोडाच्या सालींनी काळी झालेली, गुडघ्यांना चिखल. अक्रोड सोलत असतील, असे मला वाटे. चिखलाचे कोडे काही सुटले नाही.

मग थर्झाबाईही गेल्या. आर्डिथ आली, केस पिकलेली, सोबत तिशी ओलांडलेली लुएला. आर्डिथने मला डब्यातून ओढले आणि तडक ओढा गाठला.

"सहा होते. एक जरी खुंट दिसला ना..."

"आई, पुरे कर," लुएला म्हणाली.

आर्डिथ मोजू लागली. सहाही थोराड अक्रोड जागेवर होते. त्यांच्यापुढे सरळ रांगेत सातवा, आठवा, नववा. काही छपराएवढे उंच, शेवटचे जेमतेम गुडघ्याला लागणारे. ती मोजतच राहिली. एकतिसाव्याशी रांग संपली.

"हे कुणासाठी लावले गं त्यांनी? साठ वर्षं लागतात याचं खोड भरायला," ती पुटपुटली आणि तिथेच ओल्या गवतात बसली. "मी त्यांचा केकसुद्धा खाल्ला नाही."

मित्रांनो, तुमच्याही घरी आज आहे ते पुष्कळसे हयातीपुरतेच आहे. फळे जरूर खा, पण खोड सांभाळा. आणि मला नीट जपायचे असेल तर जपा, मात्र माझ्या पाठीवरचे ते काळे बोटांचे ठसे पुसू नका. माझ्यावर खरी सही तेवढीच आहे.